झोलाईचा कौल पडेना

कौल लावतात कसा, ते आधी सांगतो. झोलाई देवीच्या पाषाणाला पाणी घालायचं, ओल्या अंगावर दोन कळ्या चिकटवायच्या. एक उजव्या खांद्याला, एक डाव्या. गाऱ्हाणं घालायचं आणि बसायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाय. ज्यानं गाऱ्हाणं घातलं, त्यानं कळी पडेस्तवर जागचं उठायचं नाय. उठला तर देवीचा कोप त्याच्या घरावर.

आता कळी लावणारा कोण? गुरव. म्हंजे मी, हैबती. पाणी किती घालायचं, कळी कितपत दाबायची, सगळं माझ्या बोटात. पुढचं तुमी समजून घ्या.

महाराष्ट्र राज्य होऊन वरीसभर झालं होतं. उमरठच्या वरच्या अंगाला आमचं गाव, आणि गावाची जंगल कामगार सोसायटी. सरकारनं तोडीला दिलेलं रान, म्हंजे कूप, तिच्या ताब्यात. आधी ठेकेदार यायचा, मुकादम शिव्या घालायचा, माणूस मेला तरी झाडामागं ढकलून मोकळा. ते राज्य संपलं. कोंडाजी चेरमन झाला तेव्हा याच देवळात नारळ ठेवून बोलला होता, "हितं मुकादम कोण नाय. ज्याची चूक, त्यानं तोंडानं सांगायची. मीपण." लोकांनी टाळ्या पिटल्या. चूक व्हायची होती तोवर टाळ्याच.

मग शिमग्याच्या तोंडावर दोर तुटला.

कड्यावरून सागाचे ओंडके दोरानं खाली सोडत होते. दोर जुना, मधी पिंजलेला. कातकरवाडीचा चांगू खाली उभा असायचा. तो आदल्या दिवशीच कोंडाजीला बोलला होता, "चेरमन, रस्सी बदल." कोंडाजीला घाई. शेजारच्या सोसायटीचा माल आधी उतरला तर नाक कापलं जाईल, हे खूळ. बोलला, "होळीपर्यंत रेटू याच्यावर." ओंडका सुटला, चांगूच्या मांडीवर आला. डोलीत घालून पोलादपुरात नेला, तिथून महाडच्या दवाखान्यात.

रेंजरसाहेब चौकशीला येणार असा निरोप आला आणि कमिटीची पाचावर धारण बसली.

मालोजी कमिटीतला शहाणा. तो बोलला, "सोसायटीची चूक लागली तर कूप गेला. परत ठेकेदार. सांगायचं, चांगू प्यायलेला होता. कातकरी म्हटल्यावर साहेब दुसरं इचारणार पण नाय."

दारूबंदीचा काळ तो. प्यायला असं कागदावर आलं की माणूस दवाखान्यातून सरळ तुरुंगात. आणि त्यापुढं कुठल्या सोसायटीत कुऱ्हाड धरायला मिळायची नाय. हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून कुणी हो बोलेना, कुणी नाय बोलेना. शेवटी ठरलं, देवीला इचारू. उजवी पडली तर चांगू प्यायलेला.

म्हंजे बघा, चांगू प्यायला का नाय ते झोलाई ठरवणार! चांगूला इचारायचं सोडून!

साहेब यायचे त्या दिवशी सकाळी मी देवळामागं फणसाची कोवळी कुयरी काढत होतो, तर मालोजी आला. "हैबती, उजवी पडली पायजे बरं का रे."

"देवीच्या मनात असेल ते."

"देवीचं मन तुझ्या बोटात हाय, मला नको शिकवू."

तो गेला, तर कोंडाजी आला. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. उगाच कुंपणाचा काटा मोडत उभा राह्यला.

"हैबती, डावी पडंल का रे?"

"डावी पडली तर खरं सांगशील?"

"देवीनंच सांगितल्यावर मालोजी काय बोलणार?"

मला लई गंमत वाटली आणि रागपण आला. एकाला खोटं बोलायला देवी पायजे, दुसऱ्याला खरं बोलायला देवी पायजे. खरं बोलायला देवीची चिठ्ठी कशाला लागते रे? हातात कुयरी होती, देठातनं पांढराफेक चीक गळत होता. त्या चिकाकडं बघितलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला.

कळ्या चिकात बुडवल्या, कोरड्या पाषाणाला घट्ट दाबल्या, आणि मग वरनं पाणी घातलं. बसा आता.

कोंडाजीनं गाऱ्हाणं घातलं. मांडी घालून बसला. कमिटी मागं. मी देवीपुढं हात जोडले, आणि बोंबला! बोटांचा चीक घट्ट झाला होता. जोडलेले हात सुटेनात. लोकांना वाटलं, गुरव आज काय भक्तीत हाय!

ऊन देवळाच्या पायरीवरनं आत सरकलं. कळ्या जशाच्या तशा. गंमत माझी हळूहळू आटली. कुणी जवळ येऊन बघितलं तर? गुरवकी गेली, गावातनं उठवतील, बायको काय तोंडात शेण घालायची ती येगळीच.

"असं कधी झालं नव्हतं," मागनं एकजण कुजबुजला.

"देवी कोपली."

कोंडाजी कळीकडं बघत होता, माणूस सापाकडं बघतो तसा.

आणि खालच्या वळणावर जीपचा हॉर्न वाजला.

मालोजी ताडकन उठला. "पाणी कमी पडलं असंल. मी बघतो हात लावून."

"शिवू नको!" मी असा केकाटलो की घंटा हलली असती. "कौल लागलेला असताना शिवलास तर हात झडंल!"

मालोजी जागीच थिजला. पण कोंडाजीनं मान वळवली, माझ्या जोडलेल्या हातांकडं बघितलं. बोटांमधी चिकाचा धागा ताणलेला. मग माझ्या तोंडाकडं बघितलं. आता बोलतोय हा, आता बोलतोय.

बोलला नाय. जमिनीला हात टेकला आणि उठला.

सगळ्यांच्या तोंडातनं "हाय हाय" निघालं. "अरे, पडली नाय अजून! घरादाराचा इचार कर!" त्याची बायको आवारात उभी होती, तिनं पदर तोंडात कोंबला. कोंडाजीला चिकाचं कळलं असंल, पण भीती ती भीतीच.

रेंजरसाहेब जीपमधून उतरले. पुण्याकडचा माणूस, शर्टाला इस्त्री. "हं, काय झालं त्या दिवशी?"

"साहेब, तो चांगू कातकरी, सकाळधरनं प्या..." मालोजीनं सुरू केलं.

"मालोजी, थांब," कोंडाजी बोलला. साहेबापुढं येऊन उभा राह्यला. "साहेब, दोर जुना होता. चांगूनं सांगितलं होतं बदल म्हणून. मी बदलला नाय. तो शुद्धीत होता. शुद्धीत मी नव्हतो."

साहेबांनी वही काढली. "हे जबाबात लिहून घेऊ? परिणाम माहीत आहेत ना तुम्हाला?"

"घ्या लिहून."

"चौकशी होईपर्यंत काम बंद राहील. कूप तुमच्याकडे राहील की नाही, मी आज सांगू शकत नाही. चेअरमन म्हणून तुमच्यावर कारवाई होईल."

कोंडाजीनं अंगठा उठवला. जीप गेली, आणि मग जी बोंबाबोंब झाली! मालोजी तर अंगावर धावला. "तुझ्या एका तोंडापायी गाव उपाशी मारलास!" कुणी थुंकलं, कुणी बोललं बरं झालं, पण हळू आवाजात. मी त्या गडबडीत समईतल्या तेलात बोटं बुडवून हात सोडवले.

दुसऱ्या दिवशी कोंडाजी मला बोलला, "चल महाडला. येकटा गेलो तर येष्टीतनं मधीच उतरून पळंन." गेलो.

चांगू खाटेवर, पाय फळकुटात बांधलेला. बायको आवडी खाली बसलेली. कोंडाजीनं सगळं सांगितलं. दोर, घाई, देवी, साहेब. आवडीनं ऐकून घेतलं आणि मग तोंड सोडलं. त्याच्या आईपासनं सुरवात केली. नर्सबाई आली, ऐकून परत गेली. कोंडाजी मान खाली घालून उभा. मधी एकदापण "पण" बोलला नाय.

ती दमली, तेव्हा चांगू बोलला, "काम बंद?"

"बंद."

"मग माझ्या वाडीनं खायचं काय? तू खरं बोललास, बेस झालं. पोटाचं काय?"

मी चेष्टा करून येळ मारून नेणारा माणूस, पण ती चेष्टेची जागा नव्हती. कोंडाजी बोलला, "माझ्या शेतात पालापाचोळा जाळून राब भाजायचाय. माणसं लागतील. सगळ्यांना नाय पुरायचं, पण ज्येवढी येतील तेवढी येऊ दे. कूप मिळाला तर पयला दोर नवा, मग कुऱ्हाड. तू निरोप धाड वाडीवर."

"मी कशाला धाडू?" चांगू बोलला. "तुझ्या तोंडानं सांग. माझा भाऊ कोयता घेऊन बसलाय, त्यालापण सांग."

उन्हं उतरताना आम्ही कातकरवाडीच्या चढणीला लागलो. कोंडाजी पुढं, मी मागं. वरनं कुत्री भुंकायला लागली. मग माणसं झोपड्यांबाहेर येऊन उभी राह्यली. कोंडाजीनं डोक्यावरचं मुंडासं काढून काखेत मारलं.

"हैबती, तू हितंच थांब."

"का रे?"

"तू हसवशील त्यांना," तो बोलला, आणि एकटा वर गेला.