चार्टावरचे अठरा

आमच्या वॉर्डात प्रत्येक पेशंट मिनिटाला अठराच श्वास घेतो. निदान चार्टावर तरी. तीस खाटा, आम्ही दोघी सिस्टर. ताप थर्मामीटर सांगतं, बीपी मशीन सांगतं. श्वास मात्र बसून मोजावे लागतात, अन् बसायला सवड कुणाला? अठरा लिहायचं, सही ठोकायची. बावीस वर्षांत मीही पुष्कळ अठरा लिहिले.

सरजाबाईंचे मात्र मोजले होते. शपथेवर सांगते. कंधारच्या पलीकडची सत्तरीची म्हातारी, ताप-खोकल्यानं दाखल झालेली. श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं तर तो बदलतो, म्हणून नाडी धरल्याचं सोंग करून छातीकडं बघायचं, असं आम्हाला शिकवलेलं. अर्धं मिनिट मोजलं, नऊ भरले, दुप्पट करून लिहिलं. दोन्ही दिवस अठरा.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांची सून लुंबिनी आली. "सिस्टर, आत्याबाई आज भांडंनात माझ्याशी."

"मग सुखच की गं."

"कशाचं सुख? 'चहात... साखर...' एवढंच बोलल्या. कमी का जास्त, ते सांगायला दम पुरंना."

मी जाऊन मनगट धरलं. म्हातारी ताठ झाली, ओठ मिटले, श्वास सावकाश. नऊ. हात सोडला, तशी छाती भात्यासारखी हलायला लागली.

"आजी, हात धरला की अशा गप का होता?"

"नाडी बघताना... धापा टाकू न्हाई. आमचा वैदू... लई वरडायचा."

म्हणजे दोन दिवस ही बाई माझा मान राखायला श्वास आवरून बसली होती! अन् मी तो मान चार्टावर चढवला होता.

लुंबिनीकडून फणी घेतली. वेणी घालायच्या निमित्तानं मागं बसले, एक तळवा पाठीवर, डोळे घड्याळावर. पुरतं मिनिट. चौतीस.

चार्ट घेऊन ओपीडीत गेले. डॉक्टर श्रीशैलनी चार्टावरून मान वर केली नाही. "ताप उतरलाय, ऑक्सिजन चौऱ्याण्णव, श्वास अठरा. संध्याकाळी बघतो."

"चौतीस आहेत, सर. नाडी धरली की आवरतात त्या."

"नाडी धरली की अठरा अन् वेणी घातली की चौतीस? कुठल्या पुस्तकात आहे हे?"

"पुस्तकात सरजाबाई नाहीत, सर."

"अन् या अठरांखाली सही कुणाची?"

"माझीच."

राग कुणाचा येत होता, कळंना. त्यांचा आला, त्या वैदूचा आला. सगळ्यात जास्त आला स्वतःचा. इतके खोटे अठरा लिहिलेल्या हाताचं चौतीस कोण खरं मानणार?

त्यांच्यासमोरच पेन काढला. दोन्ही अठरांवर रेघ मारली, 'चुकीची नोंद' लिहिलं, सही केली. खाली चौतीस आणि वेळ.

"आता उठता का, सर?"

चार्टाकडं बघत ते उठले. वॉर्डात येऊन म्हातारीच्या पाठीवर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकलं. मग आवाज बदलला. "उजवीकडं खाली हवाच जात नाही. ऑक्सिजन लावा. एकशेआठची गाडी बोलवा, नांदेडला हलवू."

चौतीस कुठल्या पुस्तकातले, ते त्यांनी परत विचारलं नाही.

गाडीत चढवल्यावर मास्कमधून म्हातारी माझ्याकडं बघत होती. "बऱ्या होऊन या, आजी," म्हणत मी तिचा हात हातात घेतला. ती लगेच ताठ झाली, मास्कच्या आत ओठ मिटले.

"आवो आत्याबाई, श्वास घ्या की!" लुंबिनी ओरडली.

मी पटकन हात सोडला.