घरं मोजणारी बाई

"माजं लेकरू हितं गळून पडलंय, अन् तुमी घरं मोजताय व्हय? सलाईन लावा की आदी!"

निंगव्वानं महेश्वरीचं मनगट घट्ट धरलं होतं. अक्कलकोटच्या पलीकडच्या त्या गावात तीन दिवसांत एकेचाळीस जणांना जुलाब-उलट्या लागल्या होत्या. महेश्वरीचा हात शिवशिवला. अकरा वर्षं तिनं नर्स म्हणून हेच केलं होतं. तालुक्याच्या दवाखान्यात लेकराची बारीक शीर सापडेना, की डॉक्टरही म्हणायचे, "महेश्वरी सिस्टरना बोलवा."

पण दर पावसाळ्यात तीच माणसं परत यायची. विड्या वळणारी काशम्मा एका वर्षात तीनदा आली. जाताना हसून म्हणाली, "तुमच्या हातानं बरी हुते बगा सिस्टर, अन् घरी जाऊन पुन्ना तेच पानी पिते." चौथ्यांदा तिला आणायला उशीर झाला. शीर सापडली, काशम्मा राहिली नाही.

ते वाक्य महेश्वरीच्या डोक्यातून जाईना. छत्तिसाव्या वर्षी, तिसरीतल्या लेकीला नवऱ्याच्या, प्रभुच्या हवाली करून, ती मुंबईला सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासाला गेली. निघताना प्रभु एवढंच म्हणाला, "चांगला हात हाय तुजा. सुटंल गं." दोन वर्षं ती स्वतःहून बारा-चौदा वर्षांनी लहान मुलींशेजारी बसून आकडेमोड शिकली. आजारी माणसाच्या मागे जाऊन आजाराची वाट शोधायला शिकली. त्या पदवीवर जिल्ह्याच्या साथरोग विभागात नेमणूक मिळाली आणि हे तिचं पहिलंच गाव होतं.

"मावशी, लेकराला गाडीत घाला. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर लगेच सलाईन लावतील," ती म्हणाली.

"कसली गं नर्स तू, यव्वा!"

ते बोल झेलत ती पुढच्या दारात गेली. दुपारपर्यंत वहीतल्या नकाशावर आजारी घरांची टिंबं उमटली, बहुतेक सगळी एकाच आळीत. टाकी तर अख्ख्या गावाला एकच होती, म्हणजे घाण टाकीत नव्हती, या आळीच्या पाण्यात कुठंतरी वाटेत शिरत होती. आळीच्या तोंडाशी व्हॉल्व्हचा खड्डा गटाराच्या पाण्यानं तुडुंब भरला होता, आणि आतला पाइप चिरलेला.

तिनं नळ बंद करायला लावले. टँकर यायच्या आधीच बायका घागरी घेऊन तिच्यावर धावून आल्या. ती हलली नाही. पाचव्या दिवशी एकही नवा रुग्ण आला नाही. निंगव्वाचं लेकरू बरं झालं. घरी नेताना ती केंद्रातल्या सिस्टरच्या पाया पडली. महेश्वरी शेजारीच उभी होती.

या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. मधे कितीतरी गावं झाली, कितीतरी नकाशे झाले. प्रभु म्हणाला तसा शीर शोधायचा हात खरंच सुटला. गेल्या महिन्यात तपासणीसाठी ती पुन्हा त्याच आरोग्य केंद्रात गेली. ऐन पावसाळा होता. तिथं तिला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं.

"जुलाबाचे पेशंट?" तिनं विचारलं.

"एखाददुसरा, मॅडम," तरुण नर्स उत्कर्षा म्हणाली. "साथ अशी मी हितं बगितलीच न्हाय कदी."

वॉर्डात सहा खाटा होत्या, धुतलेल्या चादरी घातलेल्या. खिडकीशेजारच्या खाटेवर महेश्वरी टेकली आणि चादरीची एक सुरकुती तळहातानं सारखी करत राहिली.

"मॅडम, बरं वाटत न्हाय का?"

"बरंच वाटतंय गं," ती म्हणाली. "बसू दे जरा."