ग्रहणाची काच

डॉक्टर ओकांनी स्कॅनची फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली आणि चंद्रभागा दचकली. फिल्मच्या मधोमध चौकोनी भोक होतं!

"हे कुणी कापलं?" डॉक्टरांनी विचारलं.

शेजारी दामाजी अंग चोरून बसला होता. भर वाऱ्यात खाडीत होडी घालणारा तिचा नवरा, पण आता मान वर होईना.

"मीच, डागदर. परवाच्या ग्रहणाला."

"अगं बाई! ग्रहणात कापलंत? तेबी सोताचंच पोट?"

ग्रहण लागलं की चंद्रभागेच्या घरात सुपारीसुद्धा कातरत नसत. आणि या बाबानं कात्री चालवली होती, तीही नेमकी कशावर!

"मावशी, ऐका," डॉक्टर म्हणाले. "यांच्या लिव्हरमध्ये पाण्याची मोठी गाठ आहे. उद्या पोटाला बारीक भोकं पाडून दुर्बीण घालायची. पण टीव्हीवर मला लिव्हर वरवरचंच दिसणार. आत गाठीला चिकटून शीर कुठून गेलीय, ते या फोटोवरूनच कळतं. तुकडा हरवला असेल तर परत स्कॅन, आणि ऑपरेशन पुढे. गाठ मात्र थांबायची नाही."

दामाजीनं खिशातून मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा काढला. त्याला खिडकी पाडून आत फिल्मचा तुकडा चिकटवलेला होता. चंद्रभागेनं तो लगेच ओळखला.

"ही ग्रहण बघायची काच तर शेजारच्या गोपीनाथनं दिली म्हणाला होतात!"

"खोटं बोललो. तू कधी ग्रहण बघितलं नव्हतंस. उद्या माझं काय बरंवाईट झालं, तर तुला कोण दाखवणार?"

चंद्रभागेला त्याचा रागही आला आणि डोळेही भरून आले.

"अहो, असं सूर्याकडे बघतात का? डोळे गेले असते!" डॉक्टर करवादले. पण तुकडा त्यांनी हलक्या हातानं सोडवला, भोकात नेमका बसवून चिकटपट्टी लावली. दिव्यावर एक काळा गोल उमटला, त्याच्या कडेनं पांढरी रेघ.

"ही गाठ. ही शीर. इकडून जायला वाट आहे." ते स्वतःशीच पुटपुटले.

"ग्रहणात कापलं गं, चंद्रे," दामाजी हळूच म्हणाला. "आता कसं व्हायचं?"

चंद्रभागा त्या काळ्या गोलाकडे बघत राहिली. मग तिनं त्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"लागलेलं तुमी दाखवलंत. मग दमून आडवे झालात. सुटलेलं मी एकटीनं बघितलं, ह्याच्यातनंच. सूर्य होता तसा झालेला, पुरता."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि डॉक्टरांकडे वळली.

"उद्या सकाळी किती वाजता आणू यांना?"