इफराचं मॉडेल आणि माझी शिसारी

मी एक जुनी आणि जरा नखरेल कटिंग मॅट आहे. पुठ्ठा कापताना टेबलाला चरे पडू नयेत म्हणून खाली अंथरतात ना, ती जाड, हिरवी, चौकोनाचौकोनांची. जेद्दाच्या अल अझीझिया भागात इसहाकभाईंच्या घरी, त्यांच्या लेकीच्या, इफराच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला किळस फार लवकर येते.

कारखान्यातून निघाले तेव्हा काय स्वच्छ होते मी! दुकानात पारदर्शक पिशवीत उभी असायचे, अंगावर धुळीचा कण नाही. इफरा आर्किटेक्चर शिकायला लागली, म्हणजे इमारती कशा आखायच्या ते शिकायला लागली, आणि तिनं मला घरी आणलं. पहिल्याच दिवशी माझ्या पोटावर गोंद सांडला. शेंबडासारखा! तो वाळेपर्यंत त्यात तिचा एक केसही अडकला. पुढे बोटांवर वाळलेला गोंद चोळून त्याच्या काळ्या काळ्या वळ्या माझ्यावर टाकायची तिला सवयच लागली. शी!

पण सगळ्यांत वाईट काय झालं, ते ऐका. एका शुक्रवारी तिच्या अम्मीनं, रईसाबींनी, मला उचललं, ओट्यावर ठेवलं आणि माझ्यावर चक्क सुरमई कापली.

"अम्मी! ती माझी मॅट आहे!" इफरा किंचाळली.

"मला काय ठाऊक? हिरवा बोर्ड दिसला, घेतला."

"हिरवा बोर्ड भाजीचा असतो म्हणून तूच सांगतेस ना?"

"मग आज समज, मासा शाकाहारी होता," रईसाबी म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एक तुकडा पाडला.

साबण लावला, लिंबू चोळलं, तरी कित्येक दिवस माझ्यावर कापलेल्या कागदी घरांना माशाचा वास यायचा. मला जगणं नको झालं होतं.

तरीही त्या पोरीचं काम बघण्यासारखं होतं. आधी तिनं कागदाचे नुसते ठोकळे केले, वाकडे. मग एक छोटं घर केलं, त्याचं दार उघडायचं. चुकलं की ती ओठ चावायची, पुन्हा कापायची. प्रत्येक वेळी माझ्या अंगावर नवा चरा उठायचा आणि प्रत्येक वेळी तिची रेघ थोडी सरळ यायची. एका घराला वर्गात शाबासकी मिळाली, तेव्हा तिनं आधी मला पुसलं, मग हात धुतले.

तिसऱ्या वर्षी समुद्रकिनाऱ्यावर मुलांसाठी वाचनालय आखायचं होतं. इफरानं समुद्राच्या बाजूला अख्खी काचेची भिंत काढली. चित्र इंटरनेटवरच्या कुठल्याशा साइटवरून उचललेलं. काम अर्ध्यावर असताना कॉलेजात तपासणी झाली, तेव्हा मॅडमनी विचारलं, "पश्चिमेच्या काचेतून दुपारी ऊन येईल, तेव्हा मुलं बसतील कुठे?" स्वतःच्या खोलीच्या खिडकीला ऊन अडवायला चंदेरी कागद चिकटवून राहणारी मुलगी, आणि तिनंच तिथे काच लावली होती! शेवटच्या तपासणीतही असंच झालं, तर वर्ष पुन्हा करावं लागेल, असं मॅडमनी बजावलं.

इफरा घाबरली. तिचा धाकटा भाऊ शारीक म्हणाला, "रिलॅक्स, आपा! हाताने कोण करतं आता? मॉडेलं बनवणाऱ्या दुकानात फाइल पाठव. डिझाइन तेच सुधारतात, मॉडेल तेच बनवतात. खलास!"

आणि तिनं तसंच केलं. मित्रांनो, मग बरेच दिवस माझ्यावर एक पुठ्ठा कापला गेला नाही. गोंद नाही, कचरा नाही. मी लखलखीत! मला वाटलं, सुखाचे दिवस आले.

मग खोक्यातून ते मॉडेल आलं आणि माझ्यावर ठेवलं गेलं. पांढरंशुभ्र, यंत्रानं कापलेलं. कुठे गोंदाचा थेंब नाही, बोटाचा ठसा नाही. अंगणात प्लॅस्टिकची खजुराची झाडं. आणि काय सांगू, मला अशी शिसारी आली की माशाची कधी आली नव्हती! कुणीतरी चावून दिलेला घास आपल्या तोंडात कोंबावा, तसं वाटलं. त्यात आमच्या इफराचं काहीच नव्हतं. चूकसुद्धा नव्हती.

रईसाबी मात्र हरखल्या. त्यांनी फोन काढला. "इफरा, उभी राहा त्याच्या बाजूला. रत्नागिरीला तुझ्या खालाला पाठवते. म्हणावं, बघ माझ्या पोरीच्या हातचं काम!"

इफरानं हात मागे घेतले. "फोटो नको, अम्मी."

"का गं? केस नीट आहेत तुझे."

"नको म्हटलं ना." आणि ती रडायलाच लागली.

सगळं कळल्यावर रईसाबी रागावल्या नाहीत. त्यांनी फोन खाली ठेवला, टेबलावरची जागा मोकळी केली आणि एवढंच म्हणाल्या, "जेवून घे आधी. मग बस कामाला."

"परवा द्यायचंय!" शारीक ओरडला. "क्रेझी आहेस का, आपा?"

"आहे. तू पुठ्ठा धर."

पुठ्ठ्याची एक भिंत कापून ती दुपारी बाल्कनीत घेऊन गेली, मलाही नेलं. सावली कुठे पडते, ते माझ्यावर पेन्सिलनं आखलं. घामाचे थेंब टपकत होते, गोंद उन्हात पातळ होऊन ओघळत होता. घाणच घाण! समुद्राच्या बाजूला तिनं आता जाड भिंत घेतली आणि तिला खोल, बुटक्या खिडक्या पाडल्या. खाली बसलेल्या लहान मुलालाच त्यातून समुद्र दिसेल, अशा. ऊन आत येणार नाही, समुद्र येईल. ही कल्पना कुठल्याच साइटवर नव्हती.

तपासणीला ते मॉडेल माझ्यावरच ठेवून नेलं, कारण खाली फळी लावायला वेळ उरला नव्हता. तिथे रांगेत बऱ्याच मॉडेलांवर तीच खजुराची झाडं उभी होती! आमचं मॉडेल त्यांच्यापुढे भिकाऱ्यासारखं दिसत होतं. मॅडम वाकल्या, खिडक्यांतून बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी छतावर बोट ठेवलं.

"पाऊस आला तर पाणी दारातच पडेल. उतार उलटा आहे."

इफरानं वाकून छत पाहिलं. मग म्हणाली, "हो मॅडम. घाईत उलटा बसला. आत्ता दाखवू?"

तिनं छत उचकटलं, माझ्यावर ठेवलं आणि सर्वांसमोर चाकू चालवला. उताराची पट्टी फिरवली, गोंद लावला, दोन्ही हातांनी दाबून धरलं. गोंदाची तार माझ्या अंगावर लोंबली. मला शहारा आला, पण मी तसूभरही हलले नाही.

"सोड आता, चिकटलं," मॅडम म्हणाल्या. "पास आहेस. आणि पुढच्या वेळी छत आधी तपास."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी मॅट असली, तर काम झाल्यावर तिला पुसत जा. उन्हात विसरू नका, आम्ही वाकड्या होतो. आणि मासे तर मुळीच कापू नका! पण गोंद सांडेल, हात बरबटतील, म्हणून तिला पिशवीत घालून ठेवू नका. माझी किळस मी बघून घेईन. तुम्ही कापा, चुका आणि पुन्हा कापा.