मातीचं विरजण

येडशीच्या पुढं, डोंगराला टेकूनच आमचं घर. मागच्या भिंतीपासून चार हातांवर मुरमाचा उतार. गेल्या आठवड्यात पावसानं टोपलीभर मुरूम खिडकीखाली सांडला, तेव्हापासून तान्ह्या श्रियाचा पाळणा मी मागच्या खोलीतून पुढच्या पडवीत आणलाय. ती झोपते, मी उताराकडं बघत बसते. बघता बघता तोही श्वास घेतोय असं वाटतं.

बीएस्सीला माझं सूक्ष्मजीवशास्त्र होतं, म्हणून कॉलेजच्या महालिंगप्पा सरांना मीच बोलावलं. ते जिवाणू घेऊन आले. मातीच्या कणांमध्ये चुना धरवून त्यांना एकमेकांना चिकटवणारे. हवामान खात्यानं पुढचे सहा दिवस उघडीप सांगितली होती. सरांनी भोकं पाडायला पहार काढली आणि माझ्या सासूबाई आडव्या आल्या.

"आज पंचमी हाय. भुईला काडी टोचायची न्हाय. खाली नागोबा असतोय."

"आजी, सहाच दिवस आहेत, नंतर पाऊस लागेल," सर म्हणाले.

"मग उद्या या की. डोंगर कुठं पळून चाललाय व्हय?"

मी उताराकडं पाहिलं. तोच तर पळून चालला होता.

"सर, न खणता वरून फवारलं तर?"

"मुरेल, पण उथळ. रोज फवारणीचा हात द्यावा लागेल."

सोयाबीनच्या फवारणीचा पंप मी सात पाण्यांनी धुतला. औषधाचा थेंब राहिला असता तर बिचारे जिवाणू मेले असते.

"नागोबाला आंगुळ घालता व्हय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"आत्या, हे विरजण आहे. मातीला लावायचं."

त्या उठून उतारावरची शेळी पलीकडं बांधून आल्या. "विरजण लावल्यावर हालवायचं न्हाय."

सरांनी युरिया आणि कॅल्शियमचं पाणी कालवून दिलं होतं. रोज सकाळी मी ते फवारायची. उताराला गोठ्यासारखा वास यायचा. दुपारी डुलकी लागली की दिसायचं, डोळ्यांना न दिसणारे लाखो जीव पांढऱ्या धाग्यानं डोंगर विणतायत. पाळण्याच्या लयीत, हळूहळू.

सातव्या दिवशी दुपारी पाऊस कोसळला. उतारावरून धार आली तशी मी छत्री टाकून धावले, तांब्या खाली धरला. एरवी गढूळ चहासारखं पाणी यायचं.

आत्यांनी तांब्यात वाकून पाहिलं. तळ दिसत होता.

"लागलं गं," त्या म्हणाल्या, आणि मागच्या खोलीत न्यायला पाळण्याचं एक टोक उचललं.

दुसरं मी धरलं.