धाकटीचे डोळे

थोरलीने काळ्या कोटाच्या डाव्या खांद्यावर खडूने एक गोल काढला, आणि मग तो कोट मांडीवर घेऊन ती दोन मिनिटं नुसतीच बसून राहिली. खांद्याला कसर लागली होती, ते भोक रफू करून बुजवलेलं होतं. पण बुजवलेली जागा दिसत होती. चार धागे आडवे गेले होते तिथे पाचवा उगाच घुसला होता. रफू तिच्या धाकट्या बहिणीचं होतं, आणि या पाचव्या धाग्याची थोरली आठ वर्षं वाट बघत होती.

दुकान ड्रायक्लीनिंगचं. पुढे काउंटर, मधे वाफेच्या इस्त्र्या, आणि अगदी मागच्या खोलीत या दोघी बहिणींचं रफूचं काम. त्या खोलीची एक पद्धत होती, त्यांना काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांनी घालून दिलेली. एकीने रफू केलं की कपडा दुसरीच्या टेबलावर टाकायचा आणि फक्त एवढंच म्हणायचं, "शोध." कुठे फाटलं होतं, कुठे जळलं होतं, काही सांगायचं नाही. दुसरीने जागा शोधायची. सापडली तर खडूने गोल काढून कपडा परत करायचा, मग पहिलीने मुकाट्याने उसवून पुन्हा करायचं. नाही सापडली तर कपडा इस्त्रीला गेला. मालक स्वतः सुईला हात लावत नसत, पण कुणाच्या कामावर किती गोल पडले ते त्यांना बरोब्बर ठाऊक असे.

आठ वर्षांपूर्वी दोघींना एकाच सुमारास जवळचं दिसेनासं झालं. पंचेचाळिशी आली, सुईचं नेढं हात लांब करून शोधावं लागायला लागलं. तेव्हा कुणीतरी लेसरचं सांगितलं. वयाने गेलेल्या जवळच्या नजरेवर इलाज आहे, एक डोळा जवळचं बघतो, एक लांबचं, चष्म्याची कटकट संपते. दोघी मिळून गेल्या. डॉक्टरांनी दोघींचे डोळे मोजले आणि धाकटीला म्हणाले, तुमचं होईल. थोरलीला म्हणाले, तुमच्या बुबुळावरचा पडदा पातळ आहे, तुमचं नको. एका आईच्या दोघी मुली. शाळेत असताना उवासुद्धा दोघींना एकाच आठवड्यात झाल्या होत्या. पडदा मात्र हिचाच पातळ निघाला.

तेव्हापासून थोरलीच्या गळ्यात दोरीला लटकवलेला एक चष्मा, पिशवीत दुसरा आणि घरी फ्रिजवर तिसरा. आणि धाकटी कशी, तर औषधाच्या पट्टीवरची मुंगीएवढी तारीख येताजाता वाचून दाखवणार. कुणी विचारलेलं नसताना. नातेवाइकांकडे गेलं की सुईदोरा धाकटीच्या हातात दिला जाई, आणि ती सगळ्यांदेखत एका झटक्यात ओवून देई. तेव्हा थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

घरचं एक वेळ चाललं असतं. दुकानात मालकांनी खिडकीजवळचं टेबल धाकटीला दिलं. खिडकीजवळचं टेबल म्हणजे काळं, गडद निळं, बारीक विणीचं सगळं कापड. म्हणजे लग्नाचे सूट, वाद्यवृंदातल्या लोकांचे कोट, ज्यांची गिऱ्हाइकं नाव घेऊन विचारत येतात ती कामं. थोरलीकडे उरले चौकटीचे जाडे कोट आणि ब्लँकेटं, ज्यांत उंदीर शिवून टाकला तरी कुणाला कळणार नाही.

आणि आठ वर्षांत धाकटीच्या कामावर थोरलीला एक गोल काढता आला नव्हता. तिने काय कमी प्रयत्न केले होते? चष्म्यावर भिंग धरून पाहिलं, कापड दिव्यासमोर धरलं, उलटं केलं, तिरपं केलं. जागा सापडायची नाही. मग ती कपडा इस्त्रीला पाठवायची आणि मनाशी म्हणायची, यंत्राची कमाल आहे, हिचं काय त्यात. माझ्या डोळ्यांत तो उजेड सोडला असता तर मीही केलं असतं. हे तिने नवऱ्याला सांगितलं होतं, शेजारणीला सांगितलं होतं, आणि दात घासताना आरशालाही सांगून झालं होतं. त्या एका वाक्यावर तिने आठ वर्षं काढली.

दुसरा एक आधार होता, तो मात्र तिने कुणाला सांगितला नव्हता. सुरुवातीला धाकटी तिच्या कामावर आठवड्याला दोनतीन गोल काढायची. थोरलीने दात-ओठ खाऊन मेहनत केली. आणि गेली चार वर्षं धाकटीने तिच्या कामावर एकही गोल काढला नव्हता. एकही. चष्मा लावून, पिवळ्या बल्बखाली बसून, त्या लेसरच्या डोळ्यांना तिने चकवलं होतं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती हे आठवायची आणि तिला चांगली झोप लागायची.

तर आता हा काळा कोट.

मालक आत आले तेव्हा तिने तो मुद्दाम वर ठेवला होता. त्यांनी गोल पाहिला, खिडकीकडे पाहिलं, मग धाकटीकडे.

"हे तुझं?"

"काल ढग होते," धाकटी म्हणाली. "उजेड कमी होता."

मालक तसे सावकाश बोलणारे. ते म्हणाले, "चार वर्षांत ताईच्या कामावर एक गोल नाही, आणि तुझ्या कामावर आज आला. डोळे दाखवून ये. मग खिडकीच्या टेबलाचं काय ते ठरवू."

थोरलीने मान खाली घालून चौकटीचा कोट ओढला. तिला एवढा आनंद झाला होता की सुई बोटात घुसली तरी कळलं नाही.

योग असा की, ज्या हॉस्पिटलात लेसर झाला होता तिथूनच त्या आठवड्यात फोन आला. ते जुन्या रुग्णांना बोलावून आठ वर्षांनंतर नजर कशी टिकली ते बघत होते. डोळ्यांत थेंब घालणार, तासभर धूसर दिसेल, बरोबर कुणीतरी आणा म्हणाले. "मी येते की," थोरली म्हणाली. जरा जास्तच लगबगीने म्हणाली, पण धाकटीच्या ते लक्षात आलं नसावं.

बसथांब्यावर धाकटीने चुकीच्या बसला हात केला. थोरलीने तिला दंडाला धरून मागे ओढलं. नंबर लांबूनही नीट दिसत नाही तर, अशी तिने मनात नोंद केली. परतल्यावर मालकांना काय सांगायचं ते तिने बसमध्ये जुळवलंसुद्धा. 'तिला त्रास नको, पण काम बघता...' अशी सुरुवात चांगली वाटत होती.

डॉक्टर आता दुसऱ्या होत्या, तरुण. त्यांनी धाकटीला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, मग हातात एक छापील कार्ड दिलं. वरच्या ओळी ठळक, खाली खाली बारीक होत गेलेल्या. धाकटी चौथ्या ओळीवर अडखळली. पाचवीला तिने कार्ड लांब धरलं, मग जवळ, मग मांडीवर ठेवून दिलं. शेजारी बसून थोरलीने चष्म्यातून आठव्या ओळीपर्यंत मनात वाचून काढलं. परीक्षेत शेजारचीला उत्तर येत नाही हे बघायला जसं वाटतं, अगदी तसं तिला वाटत होतं. वय वर्षं चोपन्न, आणि लाज म्हणून काही वाटत नव्हती.

"काही बिघडलेलं नाही बरं का," डॉक्टर म्हणाल्या. "लेसर बाहेरच्या पडद्यावर केला, तो आहे तसाच आहे. पण डोळ्याच्या आतलं भिंग वयाबरोबर कडक होत जातं, ते काही थांबत नाही. काही वर्षं छान जातात, मग बऱ्याच जणांना वाचायला पुन्हा चष्मा लागतो, थोडा लांबचाही. तुम्हाला जवळचं कधीपासून अवघड जायला लागलं?"

"चार वर्षं झाली असतील," धाकटी म्हणाली.

"चार? मग आला का नाहीत?"

"चालवून घेत होते."

डॉक्टर लिहीत होत्या. थोरली त्यांच्या पेनाकडे बघत होती. चार वर्षं. म्हणजे ते राजदूताच्या कोटावरचं सिगारेटचं भोक, जे शोधायला तिने अख्खी सकाळ घालवली होती, ते हिने न दिसणाऱ्या डोळ्यांनी भरलं होतं. तो व्हायोलिनवाल्याचा काळा कोट. ती नवरदेवाची गडद निळी पँट. त्यांतलं एकही तिला सापडलं नव्हतं, भिंग लावूनही. यंत्राची कमाल चार वर्षांपूर्वीच संपली होती आणि काम तसंच होत राहिलं होतं.

थेंब घालून त्यांना बाहेर बाकावर बसवलं. धाकटी डोळे मिटून, मान मागे टेकून बसली होती.

"कसं करायचीस गं?" थोरलीने विचारलं.

"काय?"

"काम. दिसत नव्हतं तर."

"बोटांनी. धागा वर आला की नखाला लागतो. आणि वीण आपल्याला पाठ असतेच की." ती हे भाजी कशी चिरायची ते सांगावं तसं सांगत होती. "खांद्याला फक्त जमलं नाही. खांद्याला आतून कांजीचं कडक कापड असतं ना, काही लागतच नाही हाताला."

थोरलीला तिच्या बोटांकडे बघवेना. आणि मग, जरा उशिराने, दुसरी गोष्ट तिच्या डोक्यात शिरली.

"आणि माझं काम? ते कसं शोधायचीस?"

धाकटीने गालावर ओघळलेला थेंब पदराने पुसला.

"मी काय विचारते?"

"सुरुवातीला फिरवायचे बोट," धाकटी म्हणाली. "लागायचं कधी कधी."

"मग गोल का नाही काढलास?"

"आणि चुकीच्या जागी काढला असता तर? तू लगेच म्हणाली असतीस, हिला दिसत नाही. तू तर टपूनच बसलेली असायचीस, ताई. म्हणून मग सगळंच सोडून द्यायला लागले." तिचे डोळे अजून मिटलेलेच होते. "चांगलं असायचं तसं. बरंच चांगलं असायचं."

ते 'बरंच' थोरलीच्या वर्मी लागलं. समोरून एक नर्स चाकाची खुर्ची ढकलत गेली, तिच्या चाकाचा आवाज बराच लांबपर्यंत येत राहिला. थोरलीला रडू येईल असं वाटलं, पण ते आलं नाही; नुसता संताप आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. लेसरवर काढावा तर तो बिचारा केव्हाच निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मालक खोलीत आले आणि खिडकीच्या टेबलाला टेकून उभे राहिले. धाकटीने सांगितलं, चष्मा लागलाय, आठ दिवसांत येईल. मालकांनी मान डोलावली.

"मग असं करू," ते म्हणाले. "टेबल ताईला. चार वर्षं एक गोल नाही तिच्या कामावर, आता तिचाच हक्क आहे. काय गं?"

त्यांनी धाकटीला विचारलं होतं. धाकटी म्हणाली, "हो, आहे." आणि आपली कात्री, सुयांची डबी, दोऱ्यांच्या रिळी गोळा करायला लागली.

थोरलीने एवढंच करायचं होतं, की गप्प बसायचं. आठ वर्षांत तिने मागितलेलं सगळं समोर ठेवलेलं होतं. खिडकीतून टेबलावर चांगलं हातभर ऊन आलं होतं. धाकटी कधीच काही बोलणार नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि नेमकं तेच तिला सहन होईना. मिळतंय ते हिच्या गप्प बसण्यामुळे मिळतंय, हे रोज त्या उन्हात बसून आठवायचं?

"त्या चार वर्षांत हिला दिसतच नव्हतं," ती म्हणाली.

मालकांना समजायला वेळ लागला. "म्हणजे काम?"

"काम बोटांनी केलं. काळ्या कोटाचा खांदा सोडला तर सगळं बिनचूक केलं. मला शोधून सापडलं नाही."

"आणि तुझं काम शोधायची ते?"

"नाही शोधलं. तसंच सोडलं."

धाकटीचा चेहरा लालबुंद झाला होता. तिला उघडं पाडायचं होतं, ते पाडून झालं होतं, आणि थोरली स्वतःही तिच्याबरोबर उघडी पडली होती. मालक दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. मग त्यांनी गाल खाजवला, "चष्मा लवकर करून घे," असं धाकटीला म्हटलं आणि टेबलाबद्दल काही न बोलता बाहेर गेले. बोलायला काही उरलंही नव्हतं.

धाकटीने रिळी पुन्हा जागेवर मांडल्या.

"मी बोलले नसते," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग कशाला सांगितलंस? सगळं मिळालं होतं की तुला."

थोरलीने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"आठ वर्षं मी तुझ्या डोळ्यांवर जळत होते," ती म्हणाली. "म्हटलं, डोळे विकतचे आहेत, हिचे कुठे आहेत."

"आणि आता?"

"आता तुझ्यावर जळते."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. एवढ्या लांबून तिला चेहरा नीट दिसत असेल की नाही, कोण जाणे. थोरलीने चौकटीचा कोट मांडीवर घेतला, कालचं स्वतःचं रफूकाम शोधलं, आणि कुणी सांगितलेलं नसताना ते उसवायला घेतलं.