गोधडीखालची बाई

शहाऐंशी सालचा दुष्काळ. म्हशी बाजाराला लागल्या, दूध आटलं, आणि अशा वख्ताला बलभीमच्या गावच्या दूध सोसायटीनं काय आणावं, तर टीव्ही! आता बोला. पण खोटं कशाला सांगा, दर मंगळवारी संध्याकाळी सगळं गाव सोसायटीच्या ओसरीवर दाटीवाटीनं बसायचं. एक मालिका लागायची. जग जळून खाक झालंय, उरलीसुरली माणसं एका पडक्या किल्ल्यात राहतात आणि किल्ल्यात विहीर एकच. कुणी ना कुणी दारात येऊन उभं राहायचं आणि त्याला आत घ्यायचं की हाकलायचं यावरून आतल्या गड्यांची जुंपायची. कोण चुकलं ते कुणीतरी मेल्यावरच कळायचं. गावाला हे लई पटायचं, कारण गावातही आता सोसायटीची एकच विहीर जिवंत होती, आणि तिच्यावर राखणीला बसला होता बलभीम.

एका मंगळवारी किल्ल्याच्या दारात छकडा आला. छकड्यात पांघरूण घेतलेली आजारी बाई. पहारेकऱ्याला दया आली, त्यानं दार उघडलं. पांघरूण हललं, बाईचा हात बाहेर आला, हातात काहीतरी चमकलं, आणि नेमकी लाईट गेली. ती काय त्या दिवशी परत आली नाही. पण गाव थांबतंय व्हय? सुराच, दुसरं काय असणार, असं म्हणत माणसं घरी गेली. बलभीम तर मूळचाच संशयी. सख्ख्या भावानं विडा दिला तरी उलगडून बघणारा गडी. त्यानं ठरवून टाकलं, परगावच्या माणसाला थेंब द्यायचा नाही.

आणि त्याच आठवड्यात, भर दुपारी, शेजारच्या बेंबळी गावाकडून एक बैलगाडी विहिरीपाशी येऊन थांबली. हाकणारा गडी तरणा होता, तोंडाला कोरड पडलेली. नाव ज्ञानोबा म्हणाला. बायको अवघडलेली आहे, कळा सुटल्यात, यष्टी चुकली म्हणून गाडीनंच दवाखान्याला नेतोय, घागरभर पाणी द्या, एवढंच त्याचं मागणं. गाडीत खरंच कुणीतरी गोधडीखाली होतं. बलभीमची नजर त्या गोधडीवरून हलेना. छकडा, पांघरूण, बाई. आता हिच्यातून सुरा निघायचा एवढंच राहिलं होतं.

"गोधडी काढा," तो म्हणाला.

ज्ञानोबा गाडीला आडवा झाला. "बाईमाणूस आहे, मालक. अशा वक्ताला कुणी परक्या गड्याला दाखवतं का?"

हे खरंच होतं. कळा देणारी बाई नवऱ्यानंसुद्धा बघू नये, तिथं वाटेवरच्या राखणदाराची काय कथा? पण ज्याच्या मनात चोर, त्याला वाटेवरचा दगडही दबा धरून बसलेला दिसतो. लपवतोय म्हणजे काळंबेरं आहे, असंच बलभीमनं धरलं. गोधडीखाली कुणीतरी कण्हलं, तेही त्याला सोंग वाटलं. त्यानं काठी उचलून बैलांची तोंडं वळवली. तेवढ्यात त्याची बायको कस्तुराबाई तांब्या भरून धावत आली. पाण्याला आलेल्याला गावसुद्धा विचारू नये, असं ती रागानं म्हणाली. बलभीमनं तिच्या हातातला तांब्या हिसकून पाणी परत विहिरीत ओतलं. ज्ञानोबानं कासरा ओढला. गाडी गेली.

पुढं बेंबळीहून आलेल्या एका पाव्हण्यानं सहज सांगितलं, तिकडं त्या मंगळवारी लाईट होती, मालिका पुरी दिसली. किल्ल्याच्या दारातल्या त्या छकड्यातल्या बाईच्या हातात सुरा नव्हता. पाण्याच्या बदल्यात द्यायला तिनं पायातला चांदीचा वाळा काढला होता. टीव्हीवाल्यांचं काय, काहीबी दाखवतात, असं बलभीम म्हणाला खरा, पण त्या दिवशी तो भरल्या ताटावरून तसाच उठला.

वैशाखात सोसायटीची विहीर तळाला गेली. इंजिन नुसता चिखल ओढायला लागलं. टँकर यायचा त्या दिवशी यायचा. अशात बलभीमची म्हातारी आई, सिताबाई, तापानं फणफणली आणि पाणी पाणी करायला लागली. पाणी होतं ते बेंबळीलाच. बलभीमनं गाडीवर पिंप चढवलं. वाटभर एकच घोर, तिथं ज्ञानोबा भेटला तर?

ज्ञानोबा भेटला नाही, पण विहिरीवर एक बारकीशी बाई पाणी शेंदत होती. बाया तिला बनाबाई म्हणत होत्या. तिनं बलभीमला नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही, पिंपात घागरीमागून घागर रिचवत राहिली. बलभीमनं आपण होऊनच गावाचं नाव सांगितलं, कुणास ठाऊक का. बनाबाईचा हात थबकला.

"तुमीच का ते विहिरीवरचे?" ती म्हणाली. "आवाज वळखीचा वाटला. म्या गोधडीखाली हुते."

त्याला विचारायचं नव्हतं, तरी त्यानं मूल कसं आहे म्हणून विचारलं. पोरगं वाटेतच गेलं, असं तिनं सांगितलं. पाण्यानं वाचलं असतं का, ते डॉक्टरलाही सांगता आलं नव्हतं. मग ती परत शेंदायला लागली. शेवटची घागर ओतून तिनं तांब्याभर पाणी त्याच्यापुढं धरलं. घसा तर वाळलाच होता, पण बलभीमचा हात पुढं होईना. ही कशाला देईल आपल्याला चांगलं पाणी? पिंपातही काही टाकलं असेल. आई हेच पिणार आहे. लाज वाटत होती आणि तरीही तो तांब्यात वाकून बघत होता.

बनाबाईनं ते बघितलं.

"इख न्हाय त्यात, दादा," ती म्हणाली. "घरात इख असतं, तर त्या दिशी म्याच खाल्लं असतं."

तांब्यातलं अर्धं पाणी ती स्वतः प्याली आणि उरलेलं तिनं त्याच्या हातात दिलं. बलभीम तिथंच खाली बसला आणि ते पाणी प्याला.